टेपवरचा श्री

६ सप्टेंबर १९७१, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. ऑक्टोबरअखेर साखर कारखान्यातून रिटायर होतोय. पण यंदा कुणाचा ऊस कधी तोडायचा, त्या नंबरांची यादी कॉम्प्युटरवरून काढून दिली, तर दोन वर्षं वाढवून देऊ, असं एम.डी. साहेब स्वतः म्हणाले. अख्ख्या श्रीगोंदा तालुक्यात कॉम्प्युटर कळणारा मी एकटा. प्रोग्राम लिहायचं पुस्तक पोस्टाने मागवलं. तीन प्रकरणं झाली. बाकीची ओघाने येतील.
आडवा येणारा एकच, नोंदणी क्लार्क जैनुद्दीन. चौदा वर्षं काखेत तसलंच लाल रजिस्टर. कोंबडं झाकून तांबडं फुटायचं थांबतंय होय?

१३ सप्टेंबर
पुण्याच्या कॉम्प्युटर कंपनीतून टेप तयार झाल्याची तार. ३,४१२ सभासद, त्यांचा ऊस, लागणीच्या तारखा, सगळं जेवणाच्या ताटाएवढ्या चकतीवर. अक्षरं नाहीतच, नुसती शून्यं आणि एक. जैनुद्दीन विचारतो, मग वाचायचं कुणी? म्हटलं, अक्कल असेल त्यानं. ऑफिस हसलं. बहुधा त्याला.
जुनी रजिस्टरं रद्दीत काढा, असा लेखी अर्ज साहेबांना दिला. जैनुद्दीननं कपाटाची किल्ली कमरेला बांधली. बांध म्हणावं.

१८ सप्टेंबर
कार्डांवरून टेप भरून झाली, आता ही भोकं पाडलेली, पंच केलेली कार्डं काय करायची? दोन पोती घरी आणली. मनकर्णा म्हणते, तीस वर्षांत पैल्यांदा हापिसातनं कामाची वस्तू आणली, बंबात लई झ्याक पेटत्यात. हिला काय सांगावं!

१ ऑक्टोबर
दसरा झाला. जैनुद्दीन दरसालसारखा नवं कोरं रजिस्टर घेऊन आला. भाऊसाहेब, पैल्या पानावर तुमच्या हातचा श्री पायजे. त्याशिवाय तो पहिलं नाव लिहीत नाही. नाही दिला. म्हटलं, आमचा श्री आता टेपवर पडायचा. रजिस्टर काखेत मारून गेला. तोंड बघण्यासारखं होतं.

४ ऑक्टोबर, पुणे
कारखान्याच्या जीपने आलो. कंबर मोडली.
फाईल उघडायची रीत सोपी आहे. 'इनपुट' म्हणून उघडली की वाचता येतं, 'आउटपुट' म्हणून उघडली की लिहिता येतं. मी आधी आउटपुट उघडून अगदी वर श्री लिहिणार (इंग्रजीत, मशीनला मराठी येत नाही), फाईल बंद करणार, मग इनपुट उघडून यादी छापणार. आपल्यात श्रीशिवाय सुरुवात करत नाहीत. पुस्तकात हे नाही. लिहिणारा गोरा, त्याला काय ठाऊक.

५ ऑक्टोबर, सकाळी ११
ऑपरेटर बन्सी महा आडमुठा. टेपच्या पाठीला प्लास्टिकची कडी बसवल्याशिवाय तिच्यावर लिहिता येत नाही. ती यानं काढून ठेवलेली. म्हणतो, काका, यादी वाचायचीय ना, मग कडी कशाला? म्हटलं, टेप कारखान्याची, तू कोण विचारणारा? बसवली मुकाट.

दुपारी १
प्रोग्राम एका दमात चालला. एकही चूक नाही! छापील ताव बाहेर आला. वर श्री. ठसठशीत.

दुपारी ३
श्रीच्या खाली काही नाही.
बन्सी म्हणतो, टेपच्या तोंडाशी नवं लिहिलंत की मागचं सगळं गेलं, ही काय वही आहे समासात लिहायला? माझ्याशी असं बोलतो. वर म्हणतो, घाबरू नका, कार्डं आणा, दोन तासांत परत चढवू.
कार्डं.

दुपारी ४
घरी तार केली. बंब पेटवू नको.

६ ऑक्टोबर
मी आलो, मागनं तार आली. मनकर्णा म्हणाली, उरलेली सकाळीच घातली, पाणी कडक हाय, न्हाऊन घ्या.
न्हालो.

११ ऑक्टोबर
अठराला कारखाना सुरू. फाटकावर गावोगावचे लोक, आमचा नंबर कवा? साहेब दोन वर्षांचं नाव काढत नाहीत. टेपच मुळात नाजूक, हे कुणी ऐकून घेत नाही.
शेवटी जैनुद्दीननं कमरेची किल्ली सोडली. गेल्या दसऱ्याला सुरू केलेलं, ज्यावरून कार्डं पंच झाली ते रजिस्टर माझ्यापुढे उघडलं. पहिल्या पानावर माझ्याच हातचा श्री. त्याच्याखाली सगळी नावं, जागच्या जागी.
यादी नव्याने उतरवायची म्हणून मी खिशातलं पेन काढलं. त्यानं ते हळूच काढून घेतलं. म्हणाला, भाऊसाहेब, तुमी नुसतं वाचा. लिव्हायचं मी बघतो.