गुरुवारी सात वाजता

मल्लेश्वरम, सोमवार

बाळा गुरुप्रसाद,

हे पत्र टाकणार नाही, म्हणूनच खरं लिहिते. तुझ्या सांगण्याप्रमाणे मागच्या घरातल्या भाग्याला आज दुप्पट भाडं सांगितलं. बारा वर्षांत पहिल्यांदाच वाढवलं. काकडी किसता किसता तिचा हात थांबला. "अम्मा, एवढं कुठून आणू? दुसरं घर बघते."

"बघ बाई," म्हणाले. काय करू? आठवड्याला दोनदा माझं डायलिसिस असतं, तुला कळवलंच नाही. विकायचे दागिनेही संपले.

निघाले तशी तिनं हाक मारली. वाटलं, आता शिव्या घालणार.

"गुरुवारी सातला तयार राहा. मागच्या वेळेसारखा उशीर नको."

दवाखान्यात तीच नेते रे मला, स्कूटरवरून. मागे बसल्यावर तिचा खांदा धरावा लागतो. गुरुवारी हात कुठे ठेवू?

तुझी अम्मा