कूलर थंड होता, बाबा

बाबा, परवा मी कूलर घेतला. खिडकीत बसवायचा नव्हे, कॉम्प्युटरच्या आत बसवायचा. आईने बॉक्स फिरवून फिरवून बघितला आणि विचारलं, "यात पानी कुठं घालायचा?" मी हसले, पण प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. पाण्यावर चालणारेही मिळतात हल्ली, आणि आठवडाभर माझं डोकं त्यातच अडकलं होतं. नोकरी सोडून मी आता सुकापूरच्या घरूनच काम करते. अजून न बांधलेल्या इमारती बिल्डरांना कॉम्प्युटरवर बांधून दाखवायच्या. जुना कॉम्प्युटर ऐन कामात तापून बंद पडायचा. दोन कामं त्यापायी हातची गेली, तिसरं सोमवारी द्यायचं होतं. तेही गेलं असतं तर पुन्हा कुणाच्या तरी हाताखाली नोकरी शोधत फिरावं लागलं असतं. म्हणून नवा कॉम्प्युटर स्वतःच जोडायला घेतला.

नवीन पनवेलच्या दुकानात सेल्समनने पाण्याचाच पुढे केला. प्रोसेसरवर बसणारा छोटा पंप, दोन नळ्या, वर रंगीबेरंगी दिवे. "मॅडम, लेटेस्ट आहे, लुक पण भारी येतो." माझ्या तोंडून तुमचाच प्रश्न निघाला, "आणि बंद पडला तर?" तो म्हणाला, पंप गेला तर अख्खा पीसच बदलायचा. शेजारी दुसरा होता, पातळ पत्र्यांचा जाडजूड ठोकळा, खाली तांब्याच्या नळ्या, पुढे एक साधा पंखा. पंखा गेला तर घरच्या घरी दुसरा लावता येतो. तोच उचलला. "आपल्याला खोलता नाय येत ती वस्तू आपली नाय," असं तुम्ही म्हणायचात. किती दुकानांत, किती वस्तूंसमोर मला ते आठवलं असेल.

तुमच्या मोटर वायंडिंगच्या, म्हणजे जळालेल्या मोटारींत नवी तार गुंडाळायच्या दुकानात नेरे गावाकडचे लोक पंपाच्या मोटारी घेऊन यायचे. तुम्ही मीटरला हात लावण्याआधी मोटारीला लावायचात, तोही उलटा. बोटांची मागची बाजू, अलगद. करंट असला तर हात मागे झटकला जातो. तळवा लावला तर मूठ आवळते आणि सुटत नाही. मी सातवीत असताना तुम्ही हे शिकवलंत. मग एका रविवारी मी ऐटीत उलटा हात टेकवून निकाल देते, "थंड आहे, बरी आहे." तुम्ही गिऱ्हाइकासमोरच खेकसता, "थंड हाय म्हनून बरी हाय, आसा कोन बोल्ला तुला? आतली गरमी भायेर येते का नाय ता बग!" मोटर उघडली तर आतली तार काळीठिक्कर. मला रडू आलं होतं. पण काय माणूस होतात तुम्ही! जेमतेम चौथी शिकलेले, आणि ज्या गोष्टीसाठी मी पन्नास व्हिडिओ बघितले ती तुम्ही एका वाक्यात सांगून ठेवली होती.

शनिवारी सगळं जोडलं आणि बटण दाबलं. स्क्रीनवर प्रोसेसरचं तापमान नव्वदच्या पुढे सरकलं आणि कॉम्प्युटर बंद. दुसऱ्यांदाही तेच. काही न सुचून उलटा हात कूलरला टेकवला, तर तो थंडगार. आतला प्रोसेसर भाजतोय आणि वरचा कूलर थंड. म्हणजे गरमी बाहेर येतच नव्हती. कूलर खोलला, तर त्याच्या बुडाला पारदर्शक प्लॅस्टिक तसंच चिकटलेलं. बसवण्याआधी काढा, असं त्यावर छापलेलंही होतं. मी एकटीच इतकी हसले की आई आतून आली. "काय झाला गो?" म्हटलं, बाबांनी मोटर दुरुस्त केली. तिने पदर डोळ्यांना लावला आणि पुन्हा आत गेली. सोमवारचं काम वेळेत दिलं.

आता खरं सांगायचं ते. कॉलेजात असताना तुम्ही मला जुना कॉम्प्युटर आणून दिला होतात. तो तापायचा म्हणून त्याचं झाकण काढून समोर टेबलफॅन लावला होतात. एकदा माझ्या कॉलेजच्या मैत्रिणी घरी आल्या. त्यांच्या समोर तो अवतार नको म्हणून मी झाकण लावलं आणि फॅन पलंगाखाली ढकलला. संध्याकाळपर्यंत कॉम्प्युटर गेला तो गेलाच. तुम्हाला सांगितलं, व्होल्टेज वाढलं होतं. तुम्ही झाकणाला उलटा हात लावलात, एकदा पलंगाखाली बघितलंत आणि म्हणालात, "व्होल्टेजच आसंल." मग दुकान सांभाळून आठ दिवस स्वतःच्या हाताने तार गुंडाळून मला स्टॅबिलायझर बनवून दिलात. तो अजून माझ्या टेबलाखाली गुणगुणतो आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला मी अभिमानाने दाखवते, माझ्या बाबांनी बनवलाय.

हे पत्र कूलरच्या रिकाम्या बॉक्समध्ये ठेवते. ते प्लॅस्टिकही त्यातच टाकलं आहे. व्होल्टेज अगदी बरोबर होतं, बाबा. तुम्हाला ते त्याच दिवशी कळलं होतं, आणि तुम्हाला कळलंय हे मलाही.