वासापुरती रम

३ फेब्रुवारी, सोमवार

केलं एकदाचं! मुलाच्या रमच्या बाटलीतली पाव रम मोरीत ओतली, तेवढंच पाणी भरलं. रंग उतरला म्हणून साखर जाळून चमचाभर मिसळली. तीस वर्षं मी दवाखान्यात कंपाउंडर होते, मिश्रणं करण्यात हयात गेली. तो कोला घालून पितो, त्याला काय कळणार? एकदम बंद केली तर बाहेर जाऊन पिईल. हळूहळू उतरवायची. म्हणजे सुनेच्या अंगावरचे वळही उतरतील. तिला सांगितलेलं नाही. ती शाळेच्या ऑफिसात गेली की माझा कारखाना सुरू!

५ फेब्रुवारी, बुधवार

निम्मं पाणी. कुणाला पत्ता नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

चार दिवस घर शांत. काल सून भाजी चिरताना चक्क गुणगुणत होती. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

मागच्या महिन्यात ओठ फुटला तेव्हा तिनं बॅग भरली होती. मीच अडवलं. म्हटलं, "अगं, तो नाही मारत, दारू मारते. दारू सुटली की माझ्या लेकासारखा माणूस नाही." माझ्या सासूनं मला अगदी हेच सांगितलं होतं, ह्यांच्याबद्दल. हे शेवटपर्यंत प्यायले आणि मी शेवटपर्यंत दारूलाच शिव्या घातल्या. ह्यांना एका शब्दानं बोलले नाही.

मुलगा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवतो. शेजारणीची मुलगी त्याच्याकडेच शिकली. परवा म्हणाली, "सर कधी आवाजसुद्धा चढवत नाहीत हो!" ऐकून बरं वाटलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

नवी बाटली. तीन हिस्से पाणी, एक हिस्सा रम. दोन ग्लासांत जीभ जड! सोफ्याला धडकला. मला हसूच आलं. म्हटलं, सवय मोडत चाललीय, आता थोडीही चढते.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज रम फक्त वासापुरती. बुचभर, बाकी पाणी नि जळकी साखर. जेवणाआधी प्याला. जेवताना सून म्हणाली, दोन दिवस आईकडे जाऊन येते. त्यानं ताट भिरकावलं. मग तिचा हात धरून पिरगाळला. मी "अरे, अरे" करत राहिले – दुसरं काही केलं नाही! हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

डॉक्टरांना तिनं सांगितलं, बाथरूममध्ये पाय घसरला. परत येताना टॅक्सीत मला म्हणते, "शुद्धीत नव्हते हो ते. तुम्ही म्हणता तेच खरं." बुचभर रमनं कुणाची शुद्ध हरपते? मी तोंड उघडलं नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

बाटली हुंगली. चाखली. पाणीच.

१९ फेब्रुवारी, बुधवार

रविवारी बाहेरून पिऊन आला असेल का? नाही. सकाळपासून घरात होता, माझ्या डोळ्यांसमोर.

सुनेला सांगितलं तर ती जाईल. लेक एकटा पडेल आणि म्हातारपणी मीही. लिहिताना लाज वाटते, पण खरं ते खरं. आणि आज काय केलं? नवी बाटली आणली होती त्यानं, तीही तशीच करून ठेवली. सवयीनं!

२२ फेब्रुवारी, शनिवार

सून अंघोळीला गेली होती. मुलानं चहाचा कप खाली ठेवला, पेपरची घडी घातली आणि शांतपणे म्हणाला, "आई, या वेळी साखर जास्त जाळलीस. कडू लागतंय."

मी कसंबसं विचारलं, "कधी कळलं?"

"पहिल्याच आठवड्यात. चालतंय की! तुला समाधान." गाडीची किल्ली घेतली आणि कामावर गेला.

म्हणजे धडकणं, जीभ जड होणं – सगळं सोंग. तेवढं सोंग केलं की मारायला मोकळा! आणि ती मोकळीक त्याला मी दिली, स्वतःच्या हातानं रंगवून. ह्यांनीही किती वेळा सोंग केलं असेल? आता कुणाला विचारू?

२३ फेब्रुवारी, रविवार

तो बाहेर गेल्यावर सुनेसमोर बाटलीतलं ग्लासभर ठेवलं. म्हटलं, पिऊन बघ. तिनं घोट घेतला.

"हे तर पाणी आहे."

"हो."

"हात मोडला तेव्हा?"

"तेव्हाही."

ग्लास खाली ठेवून तिनं प्लास्टरकडे बघितलं. मग म्हणाली, "आणि टॅक्सीत? तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

हो म्हटलं. मला वाटलं, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सून गेली. माहेरी नाही, तिथे तो पहिला पोचेल. शाळेतल्या एका बाईंच्या बहिणीकडे. एका हातानं तिला जमेना, म्हणून बॅग मी भरली. पत्ता मला दिला – का दिला, कोण जाणे. इतकं होऊनही विश्वास ठेवला.

२६ फेब्रुवारी, बुधवार

डाव्या हातानं लिहितेय. काल त्यानं पत्ता विचारला. प्याला नव्हता, या वेळी सोंगही केलं नाही. पत्ता सांगितला नाही.