बॅगेत आजीसाठी काही नव्हतं

पप्पा, परवा मोरिवलीचे काका घरी आले होते. तुमच्याबरोबर कंपनीत फिटर होते आणि स्वीडनला तुमच्याच खोलीत राहिले होते, ते. आता काठी टेकत चालतात, पण तोंडाचा पट्टा तसाच. आईला बरं नाही असं कळल्यावर रिक्षा करून आले, तिच्या उशाशी बसले आणि तिचा डोळा लागल्यावर मला गॅलरीत बोलावून म्हणाले, "पोरी, तुझ्या बापसानं एक गोष्ट मला बोलू नको म्हणून सांगितलेली. आता मी तरी किती दिवस सांभाळू?" त्यांनी सांगितलं आणि गेले. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तुमच्याशी बोलायचं तर आता असंच बोलावं लागणार.

मी तेव्हा दहावीत, दोन हजार साल नुकतंच उलटलेलं. स्वीडनच्या उत्तरेकडच्या त्या लहानशा गावातली लाकडाची फॅक्टरी बंद पडली होती आणि तिथलं जुनं मशीन आपल्या कंपनीने विकत घेतलं होतं. ते खोलायचं, तुकड्यातुकड्यावर नंबर टाकायचे आणि खोक्यांत भरून अंबरनाथला पाठवायचं, यासाठी तुम्ही दोघं निघालात. बुवापाड्यातून विमानात बसणारा माणूस म्हणून विहारात तुमचा सत्कार झाला. आजी पहिल्या रांगेत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, "माझा पोरगा बर्फात चाललाय." मागून आईने लगेच टोमणा हाणला, "बर्फात जाणाऱ्याचे स्वेटर कोण धुतंय तेपण सांगा लोकांना." तुम्ही गळ्यात हार घालून दोघींच्या मध्ये उभे, कोणाकडे बघावं तेच कळत नव्हतं तुम्हाला. सासू-सुनेचं सख्य विळ्याभोपळ्याचं, हे अख्ख्या चाळीला पाठ होतं.

रविवारी संध्याकाळी तुमचा फोन यायचा, कोपऱ्यावरच्या सिंधी शेठच्या दुकानात. शेठ रस्त्यावर येऊन ओरडायचा, "ताई, जल्दी, फॉरेन से फोन!" आजी तासभर आधीच पदर सावरून तिथे स्टुलावर बसलेली असायची. रिसीव्हर पहिला तिचा. देश लांब म्हणून आवाजही मोठा. मग आईची पाळी, आणि आई सुरूच व्हायची, "तुमच्या मातोश्रींनी आज माझी भाजी खारट म्हणून अर्ध्या चाळीला सांगितलंय, पथ्य करा म्हटलं तर लोणचं चोरून खातात, मला नाही जमणार हां, तुम्ही आल्यावर बघा." शेजारी बसून आजी तोंड वाकडं करतेय, तिकडून तुम्ही हसताय, ते हसू मला रिसीव्हरच्या बाहेरसुद्धा ऐकू येतंय. शेवटी फोन माझ्याकडे यायचा आणि तुम्ही गाव सांगायचात. एकच रस्ता. एक चर्च, एक दुकान, एक मोठं तळं, बाकी नुसतं जंगल. दुपारचा चहा पिऊन होईस्तोवर अंधार. फॅक्टरी बंद झाल्यावर तरुण पोरं शहराकडे गेली, अर्धी घरं रिकामी पडलीत, पण उरलेली माणसं खिडकीत दिवा लावून ठेवतात आणि पडदे ओढत नाहीत. "आपल्याकडे कोणी असं लावेल का गं?" तुम्ही विचारलं होतंत. तुमची घरमालकीण एक म्हातारी, एकटीच. ती गोड पाव करायची आणि त्यात वेलची घालायची. आजीला हे सांगितलं तर म्हणाली, "पावात वेलची? उगा फेकू नको म्हणावं त्याला."

आजी गेली ते ऑक्टोबरच्या उकाड्यात. छातीत दुखतंय म्हणाली, उल्हासनगरच्या हॉस्पिटलात नेईपर्यंत शुद्धीत होती. रिक्षात तिने आईचा हात धरला. एरवी तिच्या हातचं पाणी प्यायचं तरी कुरकुर करणारी बाई, हात घट्ट धरून म्हणाली, "त्याला कळवू नको. येडा काम टाकून येईल." आईने मान हलवली. पुढचं सगळं आईनेच उभं केलं, भावाला कळवलं नाही म्हणून आत्याने तोंडावर सुनावलं तरी मागे हटली नाही. "बाईने मला सांगून ठेवलंय," एवढंच म्हणायची. रविवारी शेठने हाक मारली. त्याला सगळं ठाऊक होतं, त्याने रिसीव्हर आईच्या हातात दिला आणि दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला. मी आईला खेटून होते. तुम्ही विचारलंत, "आई कुठंय?" आई म्हणाली, "झोपल्यात. चांगल्या आहेत हो, खूप चांगल्या. काही त्रास नाही त्यांचा." मग आवाज हलू न देता तिने विचारलं, मशीन कुठवर आलं. घरी येऊन भांडी घासायला बसली आणि घासलेलंच भांडं परत परत घासत राहिली.

तुम्ही आलात जानेवारीत. दारात बूट काढलेत, आत बघितलंत आणि म्हणालात, "आई?" आईने सांगितलं. तुम्ही म्हणालात, "बरं." पाणी प्यायलात, आजीच्या फोटोसमोर मेणबत्ती लावलीत, भिंतीकडे तोंड करून आडवे झालात. दुसऱ्या दिवशी बॅग उघडली. आईला शाल, मला लोकरीचे मोजे, धाकट्याला लाल रंगाचा लाकडी घोडा, शेठलासुद्धा चॉकलेटं. आजीसाठी काही नव्हतं. आई नंतर मला हळूच म्हणाली, बरं झालं बाई, त्यांच्या नावाचं काही निघालं असतं तर मी कुठे तोंड लपवलं असतं?

पण त्या तुमच्या 'बरं'ला आई जन्मभर घाबरून राहिली, पप्पा. तुम्ही ओरडला असतात, भांडला असतात, तर तिने चार शब्द उलट बोलून मोकळं केलं असतं स्वतःला. तुम्ही गिळलंत. पुढे आपली कंपनीही बंद झाली, ते मशीन पुन्हा खोलून कुठे गेलं कोण जाणे, आणि मग तुम्हीही फार थांबला नाहीत. तुम्हाला नेलं त्या दिवशी आई एकच वाक्य बोलत होती, "ह्यांना आईचं तोंड बघू दिलं नाही मी." त्यानंतरही दरवर्षी आजीच्या दिवशी तेच. मी समजावून समजावून थकले. माझ्याकडे सांगण्यासारखं होतं तरी काय?

आता आहे. काका म्हणाले, त्या रविवारी तुम्ही फोन ठेवलात आणि खोलीत येऊन म्हणालात, "माझी आई गेली." काकांनी विचारलं, फोनवर सांगितलं का? तुम्ही म्हणालात, "नाही. बायको म्हणाली खूप चांगल्या आहेत. लग्न झाल्यापासून तिने माझ्या आईला कधी चांगलं म्हटलेलं नाही." त्याच आठवड्यात त्या लोकांचा मेलेल्या माणसांचा सण होता. सगळं गाव स्मशानात जाऊन थडग्याथडग्यावर दिवे लावतं म्हणे. तुमची घरमालकीण म्हातारी नवऱ्यासाठी निघाली होती. तुमचं तोंड बघून तिने एक दिवा तुमच्या हातात दिला आणि तुम्हाला घेऊन गेली. स्मशानाच्या एका बाजूला एक मोकळी जागा होती, ज्यांची माणसं दुसरीकडे कुठेतरी पुरलेली आहेत त्यांनी दिवा लावायची. तिथे बर्फात दिवा ठेवून तुम्ही त्रिशरण म्हणालात आणि लहान पोरासारखे रडलात. काका बाजूला हात जोडून उभे. परत येताना तुम्ही त्यांना बजावलंत, "घरी कळू देऊ नको मला माहितीये ते. एवढं ओझं तिने एकटीने उचललंय. मला काहीच कळलं नाही असं वाटू दे तिला." अहो, पण तिचं ओझं त्याने उतरलंच नाही ना! तिला वाटलं तुम्ही माफ केलं नाही. किती चांगली माणसं होतात तुम्ही दोघं आणि किती वेडी. मला तुमचा राग आला आणि काकांसमोर रडूही आलं.

मी आईला सांगितलं. ती पंख्याकडे बघत म्हणाली, "मेलं नशीब! आयुष्यात एकदा त्या बाईबद्दल चांगलं बोलले, आणि तिथेच पकडले गेले." हसायला लागली, हसता हसता खोकला, मग उशीत तोंड खुपसून रडली. तिला इतकं मोकळं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. शांत झाल्यावर आजीचं नाव घेऊन म्हणाली, "होतीच खाष्ट. पण शेवटी हात माझाच धरला."

आणि एवढं सगळं होऊन पप्पा, तीच बाई मला म्हणते, धाकट्याला कळवू नको. तो मस्कतला, नवीन नोकरी, लगेच रजा मिळणार नाही. माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घातली तिने. डॉक्टर मला म्हणालेत, कोणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या. धाकट्याचा फोन शुक्रवारी येतो, तेव्हा आई मोबाईल माझ्याकडे सरकवते, व्हिडिओ नको, नेट स्लो आहे म्हण. एरवी मी त्याच्याशी आईच्या नावाने खडे फोडते. खात नाही, औषध उशीखाली लपवते, टीव्ही मोठ्याने लावते. आज त्याने विचारलं, आई कशी आहे? मी म्हटलं, "चांगली आहे रे. काही त्रास नाही तिचा."

बोलल्यावर कळलं, हे तर आईचंच वाक्य. मग तो म्हणाला, "ताई, मी येऊ का?"

तुम्हाला विचारावं म्हणून लिहायला बसले होते. पण खरं सांगू, आधीच "ये" म्हणून बसलेय, आणि तो निघालाही. आई आत झोपलीय, शपथ मोडल्याचं तिला अजून सांगितलेलं नाही. उठली की ओरडेल मला. ओरडू दे. तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे, आणि ते ऐकायला आज मी काहीही दिलं असतं: "बरं."