परक्या दगडाला गाऱ्हाणं

६ फेब्रुवारी २००५, आचरा

आलो एकदाचे! सामान ओसरीवर अस्ताव्यस्त पडलंय, शेगडी सापडली तर लायटर सापडत नाही, आणि तरीही स्वप्ना सकाळपासून गुणगुणते आहे. तिला इथल्या शाळेत भूगोल शिकवायची नोकरी मिळाली, म्हणून आम्ही सांगलीची माणसं थेट समुद्रावर. मला गोव्याच्या संस्थेने घरून काम करायची मुभा दिली आहे, अधूनमधून तोंड दाखवून आलं की झालं. लग्नाला वर्ष झालं, पण आमचा संसार आजवर सुट्ट्यांपुरताच होता. आता रोज एकत्र जेवायचं. मला अजून खरं वाटत नाही.

घर भिकाजीकाकांचं. अर्ध्यात ते आणि नर्मदाकाकी, अर्ध्यात आम्ही. जांभ्याच्या भिंती, मागे विहीर, पुढे खळं म्हणजे अंगण, खळ्याच्या कडेला ओवळीचं, म्हणजे बकुळीचं, झाड. काका पूर्वी रापणीवर, किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायला, जात, आता गुडघे कुरकुरतात म्हणून घरी असतात. वाडीत कुणाकडे काही असलं की देवाला गाऱ्हाणं घालायला त्यांनाच बोलावतात. आवाज असा की समुद्रानेही दोन मिनिटं गप्प बसावं.

८ फेब्रुवारी

खिडकीशी सूक्ष्मदर्शक मांडला. मी नेमकं करतो काय, असं काकींनी विचारलं. अंटार्क्टिकाहून आणलेले वाळूचे कण मोजतो म्हटल्यावर त्यांनी पदर तोंडाला लावला. मग नीट समजावलं. तिकडे बर्फाच्या नद्या असतात. त्या डोंगर खरवडतात, दगड पोटात घेतात आणि बरोबर नेतात. एकदा घेतलेलं सहजी सोडत नाहीत, वाटेत दळत राहतात. कणाच्या कडा बघून मी सांगतो, तो कुठल्या डोंगराचा आणि त्याला किती ऊनपाणी लागलं. तिथल्या थंडीत दगड कुजत नाही, कडा काचेसारख्या धारदार राहतात. आपल्याकडच्या पावसात तोच दगड लाखो वर्षांत गंजून तांबडा भुसभुशीत होतो. काकी म्हणाल्या, "म्हंजे तुमी दगडांची सोयरीक बघतास!" माझ्या कामाचं इतकं सोपं वर्णन आमच्या संचालकांनाही जमलेलं नाही.

नमुन्यांत नारळाएवढा एक गोटा आहे. करडा, त्यात डाळिंबाच्या दाण्यांसारखे लाल खडे, आणि एका अंगावर बर्फाने ओढलेले समांतर ओरखडे. तो मी टेबलावर ठेवला. शोभून दिसतो.

११ फेब्रुवारी

आज मजा झाली. काकांनी गोटा पाहिला आणि गंभीर झाले. एवढ्या लांबून आलेला दगड असा मुक्याने घरात ठेवू नये, त्याला जागा सांगावी लागते, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, सांगा की! आपला काही विश्वास नाही, पण म्हाताऱ्याचं मन कशाला मोडा. गोटा ओवळीखाली बसवला, हळदकुंकू लावलं, नारळ ठेवला. काका उभे राहिले आणि तो आवाज लागला.

"बा देवा म्हाराजा! तू खंयचो, कोणाचो, ता आमका ठावक नाय. पण हय इलंस, तर हयचोच हो. ज्येनी तुका हाडल्यान, त्या लेकरांका आपल्या वांगडा ठेव. कधी वायली करू नको रे म्हाराजा!"

प्रत्येक मागणीला जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. जमलेले म्हणजे काकी आणि आम्ही दोघं. आम्ही घसा फोडून म्हटलं, हसू दाबत. हाडल्यान म्हणजे आणलं, वांगडा म्हणजे सोबत, वायली म्हणजे वेगळी, हे स्वप्नाला आता शाळेतल्या पोरांमुळे कळतं. तिने मला कोपराने ढोसलं, की बघ, किती गोड मागितलं आपल्यासाठी.

१५ फेब्रुवारी

दोन बारीकसारीक गोष्टी. खळ्यावरून ओसरीवर येणाऱ्या पायऱ्यांवर ओरखडे दिसले. सारखे, समांतर, ओवळीकडून दाराकडे. काकी म्हणतात मांजर. एवढं शिस्तीचं मांजर मी पाहिलेलं नाही.

दुसरी, विहिरीचं पाणी पांढुरकं झालंय, ताकाच्या निवळीसारखं. मी थेंब काचेवर घेतला. अत्यंत बारीक दळलेलं दगडाचं पीठ. बर्फाच्या नदीखालून वाहणारं पाणी असंच दिसतं. नमुन्यांची भांडी विहिरीवर धुतली होती, त्यातलं असणार. काकींची माफी मागितली.

१९ फेब्रुवारी

भांडी धुतल्याने एवढं पाणी पांढरं होत नाही. विहीर उपसली, पुन्हा तसंच.

ओरखडे आता ओसरीच्या फरशीवर आहेत. आणि आज दुपारी, बाहेर ऊन रणरणत असताना, स्वप्ना शाल घेऊन बसली होती. हात धरला तर माठासारखा गार. मनगटापासून कोपरापर्यंत बारीक समांतर रेघा. रक्त नाही, दुखत नाही. ती हसली, मांजर म्हणाली. मला हसता आलं नाही.

२२ फेब्रुवारी

डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी रक्त कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या. तिचं अंथरूण झटकलं तर वाळू पडली. समुद्राची नाही, समुद्राची गोल असते. ही धारदार, ताजी. चिमूटभर काचेवर घेतली आणि दिवसभर तिच्याकडे बघत बसलो. आमच्या कुठल्याच नमुन्याशी जुळत नाही.

मग ओवळीखाली गेलो. गोट्याचा टवका काढायला हातोडी उचलली, पण तो नखानेच निघाला. आत तांबडा, भुसभुशीत. लाल खड्यांचा गंज झालाय. लाखो वर्षांचं काम, आणि याला पंधरवडासुद्धा लागला नाही. हात लावला तर दगड उबदार.

हयचोच हो. झाला तो इथला.

मग तिकडचं कोण होतंय?

२३ फेब्रुवारी

सकाळीच काकांकडे गेलो. लाज सोडून म्हटलं, गाऱ्हाणं मागे घ्या. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. म्हणाले की चूक त्यांचीच. ओळखीच्या देवाला "वांगडा ठेव" म्हटलं की तो सांभाळतो. पण ह्या दगडाला ठेवून घेण्याची कुठली रीत ठाऊक आहे, हे त्यांनी विचारलंच नाही.

मला ती रीत ठाऊक होती. काकींना मीच तर समजावली होती: पोटात घ्यायचं, सोडायचं नाही, दळत राहायचं. उद्या सकाळी नारळ देऊन शब्द परत घेतो, असं काकांनी कबूल केलं. ज्याने घातलं त्यानेच परत घ्यायचं असतं.

२४ फेब्रुवारी

काकांचा आवाज गेला. ओवळीसमोर उभे राहिले, तोंड उघडलं, आणि ओठांवरून पांढरं पीठ सांडलं. पीठच. काकी किंचाळल्या. काका माझ्याकडे बघत तोंड उघडत-मिटत राहिले. मासा होडीत पडल्यावर करतो तसं.

बाबू रिक्षावाल्याला उद्यासाठी सांगितलं आहे. इथून जायचं. सांगलीला, कुठेही.

२५ फेब्रुवारी

परत आलो. लिहावंसं वाटत नाही, पण लिहिलं नाही तर मी वेडा झालो असं मलाच वाटेल.

खाडीच्या पुलापर्यंत ती बरी होती. पूल लागला तशी म्हणाली, मांडीवर काहीतरी सांडतंय. तिच्या पदरात वाळूची ढिगली होती. डाव्या हाताची करंगळी नव्हती. जखम नाही, रक्त नाही, कडा फक्त धारदार. रिक्षा वळवली. बाबूने मागे वळून पाहिलं नाही, पैसेही घेतले नाहीत.

वायली करू नको, याला आम्हीच व्हय म्हटलं होतं. घसा फोडून.

२६ फेब्रुवारी

दगडच उचलून बरोबर न्यायचा, असं ठरवलं. काकींनी वाडीतले शंकर आणि शिवा बोलावले. पहार लावली. हलत नाही. पहार वाकली. खाली खणलं तर गोट्याला बूड नाही, तो खालच्या जांभ्यात मिसळलाय. शिवा म्हणाला, "ह्यो आता निघाचो नाय. ह्यो हयचो आसा." दोघे पहार टाकून गेले.

ओरखडे आमच्या खोलीत. पलंगापर्यंत.

२७ फेब्रुवारी

स्वप्ना बोलत नाही. डोळे उघडे. ओठ हलतात तेव्हा जात्यासारखी घरघर. शाळेतल्या पोरांचे पेपर उशाशी तसेच.

मी काय करू? कुणी सांगा. मी दगडांची सोयरीक बघणारा—

२८ फेब्रुवारी

तिच्या उशीवरचा कण काचेवर आहे. धारदार. ऊनपाणी न लागलेला. रोजच्या सवयीने कागदावर लिहिलं, उगम. आणि पुढे— तिचं नाव. माझ्याच हाताने.

काकी काकांना घेऊन भावाकडे गेल्या. जाताना माझ्या पाया पडल्या. मी कोण त्यांचा—

१ मार्च, भर दुपार

मीच गाऱ्हाणं घातलं. मला शब्द येत नाहीत. आठवले तसे. तिला सोड म्हटलं. व्हय म्हाराजा म्हणायला कोणी नव्हतं. काही घडलं नाही. पुन्हा म्हटलं. पुन्हा. ओवळीची फुलं पडत होती.

मग दमलो. आत पाहिलं. निम्मा पलंग वाळू. चेहरा अजून—

सोड म्हणायची ताकद संपली. म्हटलं, मग मलाही ठेव. आम्हां दोघांना वायलं करू नको, म्हाराजा.

उत्तर आलं. झाडाखालून नाही. खोलीतून. तिचाच आवाज, पण—

व्हय म्हाराजा.

तिच्याशेजारी बसून लिहितोय. उन्हातही बोटं गार. पेन धरवत नाही. कागदावर पांढरं पडतंय, फुंकलं तरी परत. हे तिचं नाही. हे माझ्या बोटां