आजीची ताटली

गुरुवार, संध्याकाळ

ड्युटीवरून आले, चहा गार झाला, तरी ती ताटलीच डोक्यात आहे.

गडहिंग्लजहून आणलेलं बाळ आमच्याकडे व्हेंटिलेटरवर आहे. जन्मल्यावर रडलंच नाही. घशात नळी असल्यामुळे आताही रडताना चेहरा तेवढा वाकडा होतो, आवाज येत नाही. त्याची आजी काचेबाहेर बसून असते, पिशवीत स्टीलची ताटली. जन्मताच कानाशी ताटली वाजवली की पोर दचकून रडतं, ही त्यांच्याकडची रीत. धावपळीत ती राहून गेली.

आज म्हणाली, "शिष्टर, एकदाच वाजवू दे की."

"आजी, आत आवाज चालत नाही."

"तुमचं मशीन दिसभर बोंबलतंय, ते चालतंय व्हय?"

समजूत काढायची म्हणून म्हटलं, "ताटली जपून ठेवा. घरी गेल्यावर वाजवा."

आजी माझ्याकडे बघतच राहिली. "म्हंजे घरी न्ह्यायचं हाय न्हवं त्येला?"

डॉक्टरसुद्धा अजून तसं बोललेले नाहीत. मग मी कोण बोलणारी? पण शब्द मागेही घेतला नाही. का नाही घेतला?

निघताना पाहिलं, तर आजीने ताटली बाळाच्या दुपट्यात घट्ट गुंडाळली होती. घरी जाईपर्यंत चुकून वाजू नये म्हणून.