झाकणांवरच्या गाद्या

२ नोव्हेंबर

आले बाई एकदाची माझ्या घरी! ‘माझ्या’ हा शब्द लिहून त्याच्यावरून दोनदा पेन फिरवलंय. भाड्याचं का असेना, किल्ली माझ्या कमरेला आहे. इतकी वर्षं दादाच्या घरात मागच्या खोलीत मशीन चालवलं, लोकांच्या सोफ्यांच्या गाद्या भरल्या, खुर्च्यांना कव्हरं चढवली आणि फावल्या वेळात वहिनीच्या कपाळावरच्या आठ्या बघितल्या. निघताना वहिनी म्हणाली, की वन्सं महिनाभरात परत येतील, बघाच तुम्ही. माझ्याच तोंडावर, दादाला! मी हसून म्हटलं की खोली खुशाल भाड्याने द्या. आता नाक मुठीत धरून त्या दारात उभं राहणं नाही. म्हणजे नाहीच.

दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, रस्त्याकडे मोठी खिडकी, समोर सायकल दुरुस्तीचं दुकान. घरात सामान म्हणाल तर चार जुन्या ट्रंका. आत लाकूड, वरून पत्रा, कोपऱ्यांना पितळ. घरमालक काका म्हणाले की त्या घराबाहेर हलवायच्या नाहीत, पण वापरा हव्या तशा. फक्त रोज दुपारी झाकणं घटकाभर उघडून ठेवत जा, आमची ही ठेवायची. मी मान डोलावली. रिकाम्या ट्रंकेला कसली आलीय हवा! पण पहिल्याच दिवशी मालकाशी कशाला वाद घाला.

५ नोव्हेंबर

फर्निचर घ्यायला पैसे कुणाकडे आहेत? माझ्याकडे हात आहेत. ट्रंकांचं सोनं केलं.

सगळ्यांत लांब ट्रंक खिडकीखाली सरकवली, वर जाड फोम, त्यावर मोरपिशी रेक्झिन. ऐसपैस बैठक झाली. दुसरीला सुताराकडून चार पाय आणले, ती झाली मधलं टेबल; वर मऊ गादी, चहाचा ट्रे ठेवा नाहीतर स्वतःचे पाय. तिसरी माझ्या अंथरुणाच्या पायथ्याशी. चौथी दाराजवळ, चपला घालताना टेकायला.

झाकण आणि पेटी यांच्यामधली फट मला बघवेना. सांधा दिसला तर ते काम कसलं? म्हणून रेक्झिन झाकणावरून खाली ओढलं, फटीच्याही खाली आणलं आणि पेटीच्या लाकडात बारीक खिळ्यांनी पक्कं केलं. आता ही ट्रंक होती असं सांगूनही कुणाला पटणार नाही. झाकणं अर्थात उघडणार नाहीत. नाही उघडली तर नाही.

दिवसभर एका बैठकीवरून दुसरीवर बसत फिरले. एकटीच हसत होते, वेड लागल्यासारखी.

९ नोव्हेंबर

काका आले होते. मी कौतुकाच्या अपेक्षेने बाजूला उभी राहिले, तर त्यांचा चेहरा पांढराफटक. बसा म्हटलं तरी बसेनात. म्हणाले, हे आजच्या आज उसवा. त्यांची बायको म्हणे सांगायची, की या घराला काहीतरी बंद करून ठेवायची खोड आहे. ट्रंका रोज उघडून मिटल्या की त्याची हौस तेवढ्यावर भागते. त्या कायमच्या मिटल्या तर ते दुसरं काहीतरी मिटायला घेतं.

मी विचारलं की दुसरं म्हणजे काय. त्यांनी नुसती खोलीभर नजर फिरवली.

माझं डोकंच फिरलं. दोन दिवस कंबर मोडेपर्यंत केलेलं काम! मी सांगितलं की भाडं घेता ना, मग घर कसं लावायचं ते मी बघेन. बिचारे चहाही न घेता गेले. जाताना दार सताड उघडं टाकून गेले, तेही मीच लावलं.

१२ नोव्हेंबर

खिडकी उघडत नाही. सुताराला बोलावलं. त्याने रंधा मारला, तेल सोडलं, हवेने लाकूड फुगलंय म्हणाला. तो होता तोवर खिडकी लोण्यासारखी सरकत होती. तो कोपऱ्यावर पोहोचला नसेल, तोवर पुन्हा घट्ट.

घरभर डांबराच्या गोळ्यांचा वास येतोय. मी एकही आणलेली नाही.

१४ नोव्हेंबर

पडदे जमिनीवर लोळताहेत. मी स्वतः माप घेऊन शिवले होते, जमिनीपासून चार बोटं वर. माझं माप चुकत नाही. वहिनीसुद्धा हे कबूल करेल.

पुन्हा टेप लावली. पडदे तेवढेच आहेत. छत खाली आलंय.

भीती वाटली. खोटं कशाला लिहू? बैठकीवर बसून ढसाढसा रडले, तोंड धुतलं आणि पडदे वर दुमडून टाके घातले. छत उतरलं तर पडदे आखूड होतील. मी नाही इथून हलणार.

१६ नोव्हेंबर

सकाळपासून दाराशी झटापट चालली होती. हिसके देऊन खांदा दुखायला लागला, दार ढिम्म. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी बोटाने ढकललं आणि ते उघडलं. दादा!

वाकून आत आला. दादा काही उंच नाही.

त्याचा जीव घाबरा झाला. घर किती बुटकं, किती कोंदट, चल माझ्याबरोबर, म्हणाला. माझाही पाय उचललाच होता. एक पिशवी तर घ्यायची होती. मग तो म्हणाला, तुझ्या वहिनीनेच पाठवलंय, ती म्हणाली आत्तापर्यंत कंटाळल्या असतील, घेऊन या.

झालं. पायापासून डोक्यापर्यंत आग झाली. मी म्हटलं, सांग तिला, मी मजेत आहे. छान बैठका केल्यात, तिला बसायला पाठव. दादा डोळे पुसत गेला. दार उघडंच ठेव गं, वारा येऊ दे, एवढं दोनदा म्हणाला.

मी आपटून लावलं. माझ्या या हातांनी.

१७ नोव्हेंबर

दार उघडत नाही. बाहेरून उघडतं, आतून नाही. ट्रंकेसारखं.

फोनला रेंज नाही. खिडकीच्या काचेवर हातोडी घातली. तडा नाही, नुसता आवाज— पत्र्यावर मारल्यासारखा. समोरचा सायकलवाला दोनदा इकडे बघून गेला. मी ओरडत होते. तो ट्यूबला ठिगळ लावत बसला.

रेक्झिन फाडते. हरले असं नाही. माझंच काम, मीच उसवणार.

१८ नोव्हेंबर

बैठकीचे सगळे खिळे उपटले. झाकण उचललं. आत काही नाही. आतून वारा आला, खिडकी किंचित किणकिणली— मी आनंदाने ओरडले!

टेबलाकडे वळले. त्याचे काढून मागे बघते तर— बैठकीवर पुन्हा रेक्झिन. खिळे पुन्हा जागच्या जागी.

पुन्हा काढले. पुन्हा—

नखं गेली. थांबणार नाही.

१९ असावी

आता बसूनच लिहिते. उभं राहता येत नाही.

छतावर ठोकाठोक चालली आहे. आधी चार बाजूंच्या मध्यावर एकेक खिळा. मग मध्यापासून कोपऱ्यांकडे. कापडाला सुरकुती पडू नये म्हणून असंच ठोकतात— मीच ठोकते असं. ती माझीच पद्धत आहे.

वर कोण आहे?

खिडकीवरून काहीतरी खाली ओढलं जातंय. मोरपिशी. उजेडही मोरपिशी झालाय. सांधा झाकतंय. सायकलवाल्याला आता घरच दिसत नसेल—

दादा, दार उघडं ठेवायला हवं होतं रे. पण मी नाकारलं ते नाकारलं. तो नकार माझा होता.

तारीख नाही

काडी पेटून विझते. हवा थोडी आहे.

छत मध्ये खोलगट झालं आत्ता. हळूच. मऊ. कुणीतरी वर बसलं.

ऐटीत बसलंय. पाय हलवतंय.

बस, बस. छान झालीय ना बैठक? माझ्याकडे गादीचा लांब दाभण आहे, हातोडी आहे, आणि छत आता हाताला लागतंय. खालून असा टोचीन की—

टोचला. किंचाळलं! वर किंचाळलं! ऊठ आता. ऊठ म्हणते ना. माझ्या घरावरून ऊ—